पर्मियनच्या रस्त्यावर जाण्याआधी

बाळा, पश्चिम टेक्सासच्या पर्मियन तेलपट्ट्यात नोकरी लागली, छान झालं. पण विहिरीवर सांभाळशील त्याहून जास्त रस्त्यावर सांभाळ. पेकोसहून ओर्लामार्गे कार्ल्सबॅडला जाणाऱ्या २८५ क्रमांकाच्या रस्त्याला तिथली माणसं ‘मृत्यूचा हायवे’ म्हणतात. वाळू, पाणी आणि कच्चं तेल वाहणारे ट्रक त्यावर रात्रंदिवस धावतात. ७ नोव्हेंबर २००० पासून टेक्सासच्या रस्त्यांवर कुणी दगावलं नाही असा एकही दिवस गेलेला नाही. जुन्या मंडळींनी मला दिलेले हे कानमंत्र आता तू घे.

उजवी बाजू विसरू नकोस. विहिरीकडचा कच्चा रस्ता संपवून डांबरीवर चढताना आपले हात सवयीने डाव्या बाजूला जातात. पहाटे रस्ता मोकळा असेल तर चूक लक्षातही येत नाही. चढण्याआधी थांब, ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हण, मगच गाडी काढ.

ट्रकला जागा दे. भरलेला ट्रक ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांचा असतो. ताशी ६५ मैल वेगात असला तर थांबायला त्याला दीडशे मीटरही पुरत नाहीत. टँकर अर्धवट भरलेला असेल तर ब्रेक दाबल्यावरही आतलं पाणी उसळून त्याला पुढे ढकलतं. म्हणून त्याच्यापुढे घुसू नकोस. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर तूही त्याला दिसत नाहीस. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे उजवी बाजू त्याला सर्वांत कमी दिसते. उजवीकडे वळण्याआधी तो डावीकडे झुकतो. त्या मोकळ्या जागेत शिरू नकोस.

समोरचा थकलेला आहे असंच धर. ट्रकचालकांचे विहिरीवर ताटकळण्यात गेलेले तास तेलक्षेत्राच्या खास सवलतीत बऱ्याचदा कामाचे धरले जात नाहीत. ट्रक मधल्या पिवळ्या रेघेवर जाऊ लागला, की ओव्हरटेक करू नकोस, मागेच राहा.

धुळीचं वादळ आलं तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घे. सगळे दिवे बंद कर आणि ब्रेकवरचा पाय काढ. दिवे चालू राहिले तर मागचा तोच रस्ता समजून तुझ्यावर येऊन आदळेल.

बारा तासांची पाळी संपली की लगेच ह्यूस्टनच्या घराची वाट धरू नकोस. मिडलँडहून ते सुमारे आठशे किलोमीटर आहे. आधी झोप काढ. घरची माणसं एक दिवस जास्त वाट पाहतील.

साहेबाने घाई केली तर ‘उशीर होईल’ असं स्पष्ट कळव. आणि उद्या नवं कुणी रुजू झालं, की पहिल्याच दिवशी शेजारी बसवून त्यालाही हे सगळं सांग.