कोळी आणि केवडा

मुलांनो, नवी मुंबईत ‘कोळी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. खाडीत जाळे टाकून मासे पकडणारा तो कोळी. झुडपात जाळे विणून किडे पकडणारा जीवही कोळीच! उर्दूत आपण या जीवाला ‘मकडी’ म्हणतो.

पावसाळ्यात बागेतील झुडपे नीट पाहा. एखाद्या गोल जाळ्याच्या मधोमध पिवळ्या पट्ट्यांचा मोठा कोळी दिसेल. ती मादी असते. नर खूपच लहान असतो. ती आपले आठ पाय दोन-दोन जोडून, फुलीसारखे पसरून बसते. जाळ्यावर तिने पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी काढलेली असते. जणू सहीच! म्हणून तिला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात.

आता शेजारच्या काकडीच्या वेलाकडे वळा. पानावर पिवळे, कोनाकार डाग आहेत का? मग पान उलटून पाहा. खाली करड्या रंगाची मऊ लव दिसेल. हा केवडा रोग. पूर्वी त्याला बुरशी मानत. पण तो खऱ्या बुरशीपेक्षा काही शेवाळांना अधिक जवळचा आहे. त्याचे बीजाणू वाऱ्याने येतात आणि ओल्या पानावर रुजतात.

धागे दोघांकडेही आहेत. कोळ्याचा धागा बाहेर, उघड्यावर असतो. तो किडे पकडतो. पानाला इजा करत नाही. केवड्याचे धागे मात्र पानाच्या आत शिरून अन्नरस शोषतात. पान वाळते.

द्राक्षांवरील केवडा १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला. तेथील बागा उजाड होऊ लागल्या. तेव्हा मिलार्डे या प्राध्यापकांनी मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणाचा उपाय शोधला. तो त्यांनी १८८५ मध्ये जाहीर केला. यालाच ‘बोर्डो मिश्रण’ म्हणतात. वाशीच्या बाजारात द्राक्षे येतात, त्यामागे नाशिकच्या शेतकऱ्याने याच रोगाशी दिलेली झुंज असते.

आणि आपण काय करतो? कोळी दिसला की झाडू उचलतो. पानाखालची लव मात्र पाहतही नाही! मुलांनो, यापुढे बागेतले जाळे मोडू नका. पान उलटून पाहा. रोगट पान वेळीच तोडून लांब टाका. वेल वाचेल.

शब्दार्थ : नागमोडी – वळणावळणाची, लव – बारीक, मऊ केस, मोरचूद – नीला थोथा.

प्रश्न : केवडा ओळखण्यासाठी पान का उलटावे लागते?