विमानाचे सोळा तास आणि पायाची पोटरी

"डॉक्टर, विमानात नुसते बसायचे तर आहे, चालायचे थोडेच आहे?" असे आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाई मला म्हणाल्या होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या न्यूयॉर्कला निघाल्या होत्या. चार महिन्यांनी परतल्या आणि आठवड्याभरात डावी पोटरी सुजली. पाय मुरगळला असेल म्हणून घरच्यांनी तीन दिवस तेल लावून चोळला. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या. तपासणीत खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतले असते. तीन महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेऊन निभावले.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर १४ तास व्हावेत. पण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून जाताना थेट विमानालाही १५-१६ तास लागतात. येताना तास-दीड तास वाचतो. त्यात सोलापूर ते मुंबई मोटारीचे आठ तास आणि विमानतळावरचे तीन-चार तास मिळवा. सत्तावीस-अठ्ठावीस तासांची बैठक! तिकिटावर हा हिशेब छापलेला नसतो.

पायातले रक्त हृदयाकडे वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात, पण ते चालताना. बसून राहिलो की रक्त साकळू लागते. चार तासांपुढच्या प्रवासात गुठळीचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. मग ते विमान असो, एस.टी. असो की रेल्वे. तरीही प्रमाण सहा हजारांत एक एवढेच, तेव्हा घाबरून तिकीट रद्द करू नका. मात्र गर्भवती, नुकतेच ऑपरेशन झालेले, कर्करोगाचे रुग्ण आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे लागतील का, ते तेच ठरवतील. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

बाकीच्यांनी तासा-दीड तासाने उठून फेरी मारावी. बसल्या जागी टाच आणि चवडा आळीपाळीने उचलावा. पाणी भरपूर प्यावे. त्याने गुठळी टळतेच असे नाही, पण लघवीला उठावे तर लागते! झोपेची गोळी आणि मद्य टाळावे.

मधुमेह्यांनी इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तास असते. जाताना दिवस तेवढा लांबतो. डोस कसे घ्यायचे ते निघण्यापूर्वी लिहून घ्यावे.

परतल्यावर महिनाभरात एकच पाय सुजला, दुखला, किंवा अचानक दम लागला तर चोळत बसू नका. ताबडतोब या आणि विमानाने आलो, हे आधी सांगा. आमच्या बाई पुढच्या महिन्यात पुन्हा निघाल्या आहेत. या वेळी निघण्याआधीच दवाखान्यात येऊन गेल्या आणि खिडकीची जागा बदलून वाटेकडेची घेतली आहे.