उड्डाणानंतर इंजिन बंद पडले तर?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उडताच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. हवेत उठल्यावर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तुटला, असे प्राथमिक अहवालात नमूद आहे. आमच्या पाम गावी ती बातमी पाहताना आईने विचारले, "अगं, बंद पडलं तर लगेच मागं वळून उतरता येत नाही का?" घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, तेव्हा उत्तर शोधणे माझ्याकडे आले.

मोठ्या विमानाचे शास्त्र कलाशाखेच्या विद्यार्थिनीला अवघड. म्हणून एका इंजिनाचे छोटे विमान घेऊ. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेले आणि २०२० साली धुळ्याला चाचणीसाठी उडालेले विमान याच प्रकारचे.

इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे पडत नाही. सेसना १७२ हे विमान १ मीटर खाली येताना सुमारे ९ मीटर पुढे सरकते. म्हणजे १०० मीटर उंचीवरून ९०० मीटर. मग परत का फिरू नये?

कारण वळणातच उंची खर्च होते. शिवाय अर्धे वर्तुळ घेऊन विमान धावपट्टीच्या बाजूला येते, धावपट्टीवर नव्हे. आणखी वळावे लागते. ४५ अंश कलून वळताना विमान तोलून धरण्यास लागणारा किमान वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. तेवढा वेग नसेल तर पंखांचा आधार सुटतो. यालाच 'स्टॉल' म्हणतात. इतक्या कमी उंचीवर त्यातून सावरण्यास जागा उरत नाही.

म्हणून वैमानिकास शिकवितात: प्रथम नाक खाली करून वेग राखावा, समोर किंवा थोडे डावीउजवीकडे मोकळे रान निवडावे, टेकण्यापूर्वी इंधन व वीज बंद करावी. हा निर्णय जमिनीवर असतानाच ठरवून ठेवायचा असतो. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे इंधन काढून पाहतात, कारण रॉकेलच्या डब्याप्रमाणे पाणी तळाशीच साचते आणि तेच इंजिन बंद पाडते.

हे सारे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे विमान मोडलं तरी चालेल, माणूस वाचवायचा." मग भात कापलेल्या शेतांकडे पाहून म्हणाली, "पण पुढं अशी मोकळी जागा तर हवी."

अहमदाबादला पुढे वसतिगृह होते. विमानतळाभोवती जमीन मोकळी का ठेवावी, हे मला आईच्या त्या वाक्याने पटले.