मुरगळलेल्या घोट्याची दुखापत : प्रत कशी ओळखावी?

निफाड तालुक्यातील विंचूर येथे लासलगाव कृषि उत्पन्न बाजार समितीचे उपबाजार आवार आहे. कांद्याच्या हंगामात गोणी पाठीवर घेऊन चालणाऱ्या हमालाचा पाय आत वळला की घोटा मुरगळतो. मग तेल चोळणे, पाय ओढून 'बसविणे' हे उपचार होतात आणि दुसऱ्या दिवशी तोच पाय ओझ्याखाली येतो. रोजंदारी बुडविणे परवडत नाही, हे त्याचे खरे कारण होय.

मुरगळण्यात हाड सहसा सरकलेले नसते. हाडांना जोडणारे चिवट पट्टे, म्हणजेच अस्थिबंध, दुखावलेले असतात. घोट्याच्या बाहेरील अंगाचा पुढचा अस्थिबंध सर्वांत आधी इजा पावतो. पहिल्या प्रतीच्या इजेत तंतू ताणले जातात व सांधा स्थिर राहतो. दुसऱ्या प्रतीत काही तंतू तुटतात. सूज व काळेनिळेपणा येतो, पाऊल टाकणे कठीण होते. तिसऱ्या प्रतीत अस्थिबंध पूर्ण तुटतो व सांधा डळमळतो.

प्रत वेदनेवरून ठरविता येत नाही. पूर्ण तुटलेल्या अस्थिबंधावर ताण पडत नसल्याने तपासताना कधी कधी वेदना कमीच जाणवते. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, अस्थिबंध नव्हे. तेव्हा 'हाड शाबूत आहे' एवढ्यावर निर्धास्त होणे योग्य नाही. सुरुवातीच्या सुजेत सांध्याची स्थिरता नीट अजमावता येत नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासणी करून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

हाड मोडल्याची शंका केव्हा घ्यावी, याचे सोपे नियम कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडले. घोट्याजवळ वेदना असून दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न आल्यास, अथवा दोन्हींपैकी कोणत्याही घोट्याच्या हाडाच्या टोकावर वा खालच्या ६ सेंटिमीटर भागाच्या मागील कडेवर दाबल्यास दुखत असल्यास, क्ष-किरण तपासणी करावी. पाय बधिर वा थंडगार पडल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळील वाढीचा भाग अस्थिबंधापेक्षा नाजूक असतो. म्हणून कबड्डीत मुरगळलेला विद्यार्थ्याचा पाय केवळ मुरगळा समजू नये.

पहिले दोन-तीन दिवस चोळणे व शेकणे टाळावे. पायाला विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. पुढे मात्र पाय निश्चल ठेवणेही हिताचे नाही. वेदना ओसरू लागल्यावर हळूहळू हालचाल, नंतर एका पायावर तोल सावरण्याचा सराव करावा; तो पुरा होण्यापूर्वीच गोणी उचलल्यास तोच घोटा वारंवार मुरगळू लागतो.