आधी काम पाहा

मुलांनो, दहावीनंतर काय घेणार, असे विचारले की वर्गातील बहुतेक हात ‘सायन्स’ म्हणून वर होतात. का, असे विचारले की ते हळूहळू खाली येतात. मित्र घेणार आहे, एवढेच उत्तर मिळते. तुमचेही तसेच आहे का?

मालेगावच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याचे वडील यंत्रमागावर काम करत. मुलाने कारखान्यात पाऊल ठेवू नये, अशी त्यांची इच्छा होती. मुलगाही सायन्सच म्हणत होता. पण त्याचे लक्ष घरातील बिघडलेल्या पंख्याकडे असे. मार्च २०१९ मध्ये त्याची परीक्षा संपली. मी म्हटले, “तुझे मामू मोटारी दुरुस्त करतात ना? आठ दिवस त्यांच्याजवळ बस. विजेला हात लावू नकोस. पाहशील ते वहीत लिही.”

मोटार जळली की आतील तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. त्याआधी जुन्या तारेच्या फेऱ्या मोजतात, जाडी पाहतात. फेऱ्या कमी पडल्या तर मोटार तापते आणि पुन्हा जळते. मामूंनी त्याला हाताने फिरवायच्या यंत्रावर एक गुंडाळी करायला दिली. तो गप्पांत आकडा विसरला. सारी तार उलगडावी लागली. “बेटा, इथे अंदाज चालत नाही,” मामू एवढेच म्हणाले. पाचव्या दिवशी गुंडाळी बरोबर आली. ‘दिवसभर वाकून बसावे लागते, पाठ दुखते’, हेही त्याने लिहिले होते. मला तेच वाक्य सर्वांत आवडले.

मग आम्ही आयटीआयची चौकशी केली. तेथे वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवार होता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे अशा उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते.

वडील नाराज झाले. “सर, शिकूनही पुन्हा कारखान्यातच?” त्यांनी वर्षानुवर्षे रात्रपाळी केली होती, मी त्यांना काय समजावणार? मुलाने ती उर्दूत लिहिलेली वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली. शेवटी दोन्हीकडे अर्ज भरायचे ठरले.

मुलींनो, तुम्हीही असे पाहू शकता. औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला औषधनिर्माता असावाच लागतो. त्याचा पदविका अभ्यासक्रम बारावी सायन्सनंतर करता येतो. म्हणजे येथे मात्र सायन्स हवेच! अम्मीला किंवा खालाला सोबत घ्या, दुकानात गर्दी नसेल अशी दुपार निवडा आणि औषध देणाऱ्या ताईंशी बोला. पगार किती, हे नंतर विचारा. आधी विचारा, “या कामात तुम्हांला कंटाळा कशाचा येतो?”