रेसकोर्सवर मुलांना नेताना

परवा आमच्या सोसायटीतल्या एका आईनं विचारलं, "पुण्याच्या रेसकोर्सवर मुलांना घेऊन जावं का हो?" मी म्हटलं, जरूर जा. पण निघण्याआधी नवराबायकोनं घरात बसून एक गोष्ट ठरवा. आपण तिथे घोडे बघायला जातोय की पैसे लावायला?

हे मी अनुभवावरून सांगते आहे. माझा मुलगा सात वर्षांचा होता तेव्हा आम्ही तिथे गेलो होतो. कौतुकानं मी त्याला म्हटलं, "सांग बघू एक नंबर." त्यानं चार सांगितला आणि आम्ही त्यावर पन्नास रुपये लावले. चार नंबरचा घोडा मागेच राहिला. आम्ही ते विसरूनही गेलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो हळूच म्हणाला, "आई, माझ्यामुळे पैसे गेले ना?" दिवसभर पाहिलेल्या घोड्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या लक्षात राहिले ते ते पन्नास रुपये.

शर्यतीवर पैसे लावणं बेकायदा नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निकालही दिला. पण अठरा वर्षांखालच्या मुलाला पैसे लावता येत नाहीत, मग त्याच्या तोंडून नंबर वदवून घेणं तरी कशाला? दुसऱ्या वेळी आम्ही पैशांच्या खिडकीकडे फिरकलोच नाही, आणि तो दिवस खरा मुलाचा झाला.

पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, जुलैपासून साधारण दिवाळीच्या सुमारापर्यंत. मग घोडे मुंबईला, महालक्ष्मीला जातात आणि तिथला हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं, तिथलं प्रेक्षागृह जुनं आणि देखणं आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिथे इंडियन डर्बी होते. तिचा इतिहास मुलींना मुद्दाम सांगा: १९४३ साली पहिली डर्बी जिंकली ती प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीनं. मात्र लहान मूल बरोबर असेल तर डर्बीचा दिवस टाळा. त्या गर्दीत मुलाला माणसांच्या पाठीच दिसतील. साधा दिवस निवडा. मुलांना कुठल्या भागात सोडतात, याची चौकशी आधीच फोनवर करा. दारात जाऊन परत फिरलं की मूल फार हिरमुसतं.

पोचलात की आधी पॅडॉक गाठा. शर्यतीआधी घोडे तिथे गोल फिरवतात. कठड्याशी उभं राहिलं की घोडा दोन हातांवरून जातो. पाऊस नुकताच थांबलेला असतो, अंगावरची नस न् नस वर आलेली दिसते, नाकपुड्या फुलतात, आणि तो फुरफुरला की मूल तुमचा हात घट्ट धरतं. लगाम धरून चालणारा सईस त्याच्याशी सारखं काहीतरी पुटपुटत असतो. तो काय बोलत असेल, हे मुलाला ओळखायला सांगा. त्यानंच पहाटे खरारा केलेला असतो, रात्री पागेत तोच जवळ असतो. तिथे छत्री फटकन उघडू नका, फ्लॅश मारू नका. घोड्याला गाजर द्यायचा हट्ट मुलानं धरला, तर शांतपणे सांगा की शर्यतीच्या घोड्यांची उत्तेजक द्रव्यांसाठी तपासणी होते, म्हणून बाहेरचा घाससुद्धा त्यांना चालत नाही. जॉकीचं वजन शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर खोगिरासकट काट्यावर होतं, हे ऐकून माझ्या मुलाचे डोळे विस्फारले होते.

बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते. पण दोन शर्यतींमध्ये बराच वेळ जातो, म्हणून डबा, पाणी, रेनकोट आणि एक चित्रकलेची वही जवळ असू द्या. लहान मुलांना तीन शर्यती पुष्कळ झाल्या. शेवटपर्यंत थांबायचा अट्टहास करू नका.

दोन प्रश्न येतील, त्यांची तयारी घरूनच करा. "त्याला चाबूक का मारतात?" आणि एखादा घोडा पडला तर, "आता त्याचं काय होणार?" पहिल्याला उत्तर देताना, चाबूक किती वापरायचा यावर नियम आहेत हे सांगा, आणि तरीही तुम्हाला ते बघवत नसेल तर तेही सांगा. दुसरा प्रश्न त्याहून अवघड. "काही होत नाही" असं म्हणून वेळ मारून नेऊ नका. घोड्याचा पाय मोडला तर तो बरा होणं फार कठीण असतं. मुलाला हे तुमच्याकडून कळू द्या, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या शेऱ्यातून नको.

आणि ज्यांना तिथे गेल्यावर खिडकीपासून लांब राहवणारच नाही, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या दिवशी मुलाला आजीकडे ठेवा.