८१ टक्के, आणि तरी प्रोबेशन?

प्रश्न : माझा नातू गेल्या ऑगस्टपासून अमेरिकेत एम.एस. करतो आहे. पहिल्या सत्रात त्याला तीन विषयांत ८५, ८१ आणि ७८ गुण पडले. म्हणजे सरासरी ८१च्या वर. आमच्या काळी एवढ्या गुणांवर पेढे वाटले असते. त्याला मात्र विद्यापीठाचे पत्र आले की, तुम्हाला ‘अ‍ॅकेडेमिक प्रोबेशन’वर ठेवले आहे. मी चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवले, पण हे गणित काही मला सुटेना. पोरगा नापास झाला का? त्याला परत पाठवतील का? आम्ही विद्यापीठाला पत्र लिहावे का? घरात त्याच्या आजीच्या डोळ्याला डोळा नाही.
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : गुरुजी, आधी आजींना सांगा, नातू नापास झालेला नाही. सध्या त्याला कोणी परतही पाठवत नाही. पण पत्र गमतीचे नाही, हेही खरे. आता गणित सोडवू.

तुमची अडचण त्या ‘८१’ने केली आहे. अमेरिकेत प्राध्यापक टक्क्यांचे अक्षर करतात आणि अक्षराचा पुन्हा आकडा होतो. प्रत्येक प्राध्यापकाची पट्टी थोडी वेगळी असते, पण साधारणपणे ८३ ते ८६ म्हणजे बी, ८० ते ८२ म्हणजे बी-मायनस, ७७ ते ७९ म्हणजे सी-प्लस. बीला ३ गुणांक, बी-मायनसला २.७, सी-प्लसला २.३. तिघांची बेरीज ८, भागिले ३, आले २.६७. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याची एकूण सरासरी, म्हणजे जीपीए, ३.०च्या खाली जाता कामा नये, असा तिथल्या बहुतेक विद्यापीठांचा दंडक आहे. तुमच्या मनातल्या पट्टीवर पस्तीसला पास आहे. नातवाच्या पट्टीवर ती पस्तीसची खूण ८३वर आहे.

त्याच आवारात बी.एस. करणाऱ्या पोराला साधारणपणे २.०, म्हणजे सी, चालतो. नातवाला चालत नाही, कारण तो ‘ग्रॅड स्टुडंट’. तिथे बी.ए.-बी.एस. झालेला माणूस एम.एस. किंवा पीएच.डी.ला आला की त्याला विद्यार्थी कमी आणि होऊ घातलेला व्यावसायिक जास्त समजतात. त्याने विषय पार केला, एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. त्यामुळे या वर्गांतले गुण ए, ए-मायनस, बी-प्लस, बी एवढ्याच चार पायऱ्यांवर गर्दी करून उभे असतात. बी म्हणजे ‘ठीक आहे’, बी-मायनस म्हणजे प्राध्यापकाने सभ्यपणे व्यक्त केलेली नाराजी. सी मिळाला तर अनेक विभाग तो विषय पदवीसाठी धरतच नाहीत, किंवा असे किती सी चालतील याची मर्यादा घालतात. शंभरांची पट्टी नावापुरती. सगळा व्यवहार वरच्या विसात.

अक्षरांचा हा कारभार फार जुना नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजाने १८९७ साली अक्षरांची श्रेणी टक्क्यांना जोडली, तेव्हा ९५ ते १०० ए, ८५ ते ९४ बी, ७६ ते ८४ सी, बरोबर ७५ला डी आणि त्याखाली नापास. त्या पट्टीवर नातवाचे ८१ आणि ७८ दोन्ही सीमध्ये बसले असते. तेव्हा ‘हल्लीच फार कडक झाले’ असे म्हणायलाही जागा नाही.

आपल्याकडे ‘पुढे जाऊ द्यायचे की नाही’ हे ठरवायची रीत निराळीच होती. कॉलेजात टर्म भरायची, हजेरी पंचाहत्तर टक्के लागायची, प्राचार्यांची टर्म ग्रँट झाली नाही तर परीक्षेला बसता यायचे नाही. एखादा विषय राहिला तर एटीकेटी, म्हणजे टर्म भरायची परवानगी मिळाली, विषय मागाहून सोडवा. ‘केटी लागली’ हे वाक्य आपल्या किती तरी घरांत जेवणाच्या ताटावर उच्चारले गेले आहे. ही टर्म भरण्याची भाषा इंग्रजांची. लंडनला बॅरिस्टर व्हायला गेलेल्यांना तर टर्म भरायच्या म्हणजे ‘इन’ या बॅरिस्टरांच्या संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायला बसायचे, असा नियम होता. गांधीजीही असेच जेवून बॅरिस्टर झाले. विद्यार्थी हजर आहे ना, एवढी त्या पद्धतीची मुख्य चौकशी. अमेरिकन पद्धतीची चौकशी वेगळी : हा चालतो आहे का, आणि याच चालीने वेळेत पोचेल का? नियमांच्या भाषेत ‘समाधानकारक प्रगती’ म्हणतात ती हीच. नातवाला आलेले पत्र म्हणजे विद्यापीठाने म्हटले आहे की, चाल मंद आहे.

आता प्रोबेशन. नोकरीत लागल्यावर आपण वर्ष-दोन वर्षे प्रोबेशनवर असतो, तसेच हे, फक्त नोकरी लागून झाल्यावर पुन्हा लागलेले. बहुतेक ठिकाणी एक सत्र, काही ठिकाणी ठरावीक क्रेडिट पूर्ण होईपर्यंत मुदत मिळते. त्या मुदतीत एकूण सरासरी ३.०वर आणायची. गुरुजी, हे तुमच्याच हातचे उदाहरण. आधीच्या तीन विषयांचे ८ गुण हाती आहेत. पुढच्या सत्रात तेवढ्याच क्रेडिटचे तीन विषय घेतले तर सहा विषयांसाठी १८ लागतील. म्हणजे नव्या तिघांत मिळून १० हवेत. एक ए-मायनस (३.७), एक बी-प्लस (३.३) आणि एक बी (३.०) मिळाला की नेमके १० होतात. तिन्ही विषयांत साधे बी मिळाले तर १७, सरासरी २.८३, आणि पुन्हा तेच पत्र, या खेपेला अधिक कोरड्या भाषेत. ‘या वेळी सुधारणा दिसली’ असे तुम्ही-आम्ही म्हणू. कोष्टक नाही म्हणत.

दुसऱ्यांदाही जमले नाही तर ‘डिसमिसल’, म्हणजे नाव काढणे. त्यावर बहुधा अपील करता येते. काही विभाग प्रगती दिसली म्हणून आणखी एक सत्र देतात. मार्गदर्शक प्राध्यापकाचे दोन ओळींचे पत्र अशा वेळी फार कामाला येते, म्हणून नातवाने सल्लागाराला टाळू नये. आपल्या मुलांची खोड अशी की, गुण कमी पडले की आधी सरांना तोंड दाखवायचे बंद करतात.

अमेरिकन वर्गमित्रापेक्षा तुमच्या नातवाची गोष्ट खरी वेगळी होते ती पुढे. त्या मित्राला एखादा विषय झेपेना तर तो सरळ सोडून देतो, दोनच विषय ठेवतो आणि कॉफी प्यायला जातो. तुमच्या नातवासारख्या, एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या मुलाला पूर्णवेळ अभ्यासक्रम ठेवावाच लागतो. पदव्युत्तर पातळीवर पूर्णवेळ म्हणजे किती ते विद्यापीठ ठरवते, आणि बऱ्याच ठिकाणी ते सत्राला ९ क्रेडिट, म्हणजे तीन विषय असते. त्याखाली जायचे तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी हवी. इंग्रजी वाचनाची अडचण, तिथल्या शिकवण्याची सवय नसणे, चुकीच्या पातळीचा विषय निवडला जाणे, अशा सुरुवातीच्या अडचणींसाठी ती मिळू शकते, पण पदवीच्या एका पातळीला एकदाच, आणि निम्मा भार तरी ठेवावाच लागतो. न विचारता विषय सोडला तर गुणपत्रिकेवर फारसे काही बिघडत नाही, व्हिसाचा दर्जा मात्र जातो. असे घडते ते बहुतेक वेळा कोणी शहाणे मूल ‘सोडून टाकू, जीपीए तरी वाचेल’ असा हिशेब करते म्हणून.

तसेच मुदतवाढीचे. आय-२०वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, छापलेल्या तारखेपर्यंत पदवी झाली नाही तर वाढ मागता येते. संशोधनाचा विषय बदलावा लागला, प्रयोगात अनपेक्षित अडचण आली, आजारपण आले, ही कारणे चालतात. प्रोबेशनमुळे किंवा निलंबनामुळे झालेला उशीर हे कारण चालत नाही, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. त्याला सहायकाची नोकरी असेल, म्हणजे आठवड्याला २० तासांपर्यंत प्रयोगशाळेत किंवा वर्गात काम आणि त्या बदल्यात फीमाफी, तर तीही बहुतेक वेळा ३.०वर टांगलेली असते. म्हणून हे पत्र आले की पोरांच्या पोटात गोळा येतो. बी-मायनसची लाज दोन दिवस टिकते. फी बापाच्या कर्जावर जाईल ही भीती झोपू देत नाही.

आजींसाठी पीएच.डी.वाल्यांचेही थोडे सांगतो, कारण आळीतल्या कोणाचा तरी मुलगा ‘आठ वर्षे झाली तरी शिकतोच आहे’ हे त्यांच्या कानावर असणारच. तिथे गुणांचा धाक पहिल्या दोन वर्षांपुरता. मग येते क्वालिफाइंग परीक्षा. ती पार केली की ‘कँडिडेट’, नाही झाली तर बऱ्याच ठिकाणी एम.एस. हातात देऊन निरोप. त्यानंतर दरवर्षी समितीपुढे उभे राहायचे आणि काय केले ते सांगायचे. त्याशिवाय एकूण मुदत असते, आणि जुने अभ्यासक्रम शिळे होतात : अनेक विद्यापीठे काही वर्षांपूर्वी शिकलेला विषय पदवीला धरत नाहीत. प्रबंध सोडून बाकी सगळे झालेल्या माणसाला तिथे ‘एबीडी’ म्हणतात, आणि या अवस्थेत लोक लग्न करतात, घर घेतात, कधी कधी म्हातारेही होतात.

आपल्याकडेही हे आता नियमात आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, पण दहाच्या पुढे नाही. अभ्यासक्रमात किमान ५५ टक्के हवेत. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करायचे. काम असमाधानकारक ठरले तर समितीने कारणे लिहायची आणि उपाय सुचवायचे, आणि विद्यार्थ्याने ते केले नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करायची. कागदावर हे अमेरिकेइतकेच कडक आहे. समितीची बैठक खरोखर भरते का, आणि भरली तर चहाबरोबर उरकली जाते का, हे त्या-त्या विभागाच्या लाजेवर.

या मुदतींचा विचार करताना मला नेहमी बाबासाहेब आंबेडकर आठवतात. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि प्रबंध अर्धा टाकून परतावे लागले. आजच्या एखाद्या कोष्टकात ‘प्रगती नाही’ असा शेरा बसून नाव कापले गेले असते. लंडनने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरे करायची सवलत दिली. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, तुमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांचीही मदत झाली, आणि मुदत संपायच्या आत, १९२० साली, ते पुन्हा लंडनला पोचले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध पुस्तकरूपाने छापून द्यायच्या अटीमुळे १९२७पर्यंत लांबली. ते पुस्तक १९२५ साली निघाले. विद्यापीठांनी नियम मोडले असे कुठेही झाले नाही. चार वर्षे हाही नियमच होता. फक्त माणसाकडे पाहून तो लावला गेला.

आता शेवटचा प्रश्न, पत्र लिहावे का. लिहू नका. १९७४च्या ‘फर्पा’ कायद्याने कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याचे गुण आणि नोंदी त्याच्या स्वतःच्या झाल्या आहेत. त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ सहसा आजोबांना काय, आईबापांनाही काही सांगत नाही. तुमच्या पत्राला फार तर नम्र नकार येईल. विद्यापीठाचे पत्र तुमच्यापर्यंत आले ते नातवाने स्वतः सांगितले म्हणून, आणि ते सांगताना त्याला जड गेले असणार. वसंत सत्र जानेवारीत सुरू होते, आणि विषय अदलाबदल करायला बहुतेक ठिकाणी पहिला आठवडा, फार तर दुसरा, मिळतो. म्हणून या रविवारी फोन कराल तेव्हा आधीच्या गुणांचे काढू नका. कोणते तीन विषय घेतलेस, ते विचारा, आणि त्यातला ए-मायनसचा कोणता, तेही विचारा.